२०२० चा चक्रीवादळ हंगाम : अम्फान ते बुरेवी

उत्तर हिंदी महासागरात, म्हणजे बंगालचा उपसागर आणि अरबी समुद्र मिळून, २०२० या वर्षात पाच चक्रीवादळे निर्माण झाली : अम्फान, निसर्ग, गती, निवार आणि बुरेवी. याशिवाय चार प्रणाली चक्रीवादळाच्या पायरीपर्यंत न पोहोचता डिप्रेशन किंवा डीप डिप्रेशनच्या अवस्थेतच विरल्या. सरासरीच्या हिशेबाने पाहता हे वर्ष फारसे वेगळे नव्हते. या समुद्रक्षेत्रात वर्षाला साधारण ११ प्रणाली तयार होतात आणि त्यांपैकी पाचच्या आसपास चक्रीवादळाचे रूप घेतात. आदल्या वर्षी, २०१९ मध्ये, आठ चक्रीवादळे आली होती आणि त्यांतील पाच एकट्या अरबी समुद्रातील होती.

तरीही २०२० चा हंगाम लक्षात राहिला तो त्याने केलेल्या हानीमुळे, आणि ती हानी ज्या परिस्थितीत झाली त्यामुळे. देश टाळेबंदीत होता. निवारा केंद्रांच्या इमारती विलगीकरणासाठी वापरल्या जात होत्या. स्थलांतरित मजूर रेल्वेने, ट्रकने, पायी गावाकडे परतत होते. अशा वेळी सलग दोन आठवड्यांत पूर्व किनाऱ्यावर एक आणि पश्चिम किनाऱ्यावर एक अशी दोन मोठी वादळे धडकली. ऑक्टोबरमध्ये ज्या प्रणालीने तेलंगणा, कर्नाटक आणि महाराष्ट्रात हाहाकार उडवला, तिला तर नावही मिळाले नव्हते. वादळाची श्रेणी आणि त्याने केलेले नुकसान यांचे गणित किती विस्कळीत असू शकते, हे या एका वर्षात अनेकदा दिसून आले.

श्रेणी कशी ठरते

भारतीय हवामान विभाग वादळांची वर्गवारी केवळ एका निकषावर करतो : केंद्राभोवती सातत्याने वाहणाऱ्या वाऱ्याचा वेग. हा वेग ताशी ३१ किलोमीटरच्या वर गेला की कमी दाबाच्या क्षेत्राला डिप्रेशन म्हटले जाते. ५० च्या वर गेल्यास ते डीप डिप्रेशन होते. ६२ किलोमीटरची मर्यादा ओलांडली की चक्रीवादळ जाहीर होते आणि त्याला नाव दिले जाते. त्यानंतर ८९ च्या वर तीव्र चक्रीवादळ, ११८ च्या वर अतितीव्र, १६७ च्या वर अत्यंत तीव्र आणि २२२ च्या वर महाचक्रीवादळ अशा पायऱ्या आहेत. पाऊस किती पडणार, समुद्राचे पाणी किती आत शिरणार, वादळ एका जागी किती वेळ रेंगाळणार, त्याच्या वाटेत किती माणसे राहतात, यांपैकी कशाचाही या श्रेणीत विचार नसतो. हवामान विभाग या बाबींचे इशारे स्वतंत्रपणे देतो. पण बातम्यांच्या मथळ्यांत आणि लोकांच्या बोलण्यात राहते ती श्रेणीच.

या समुद्रात वादळांचे दोन मोसम असतात. पहिला मान्सूनपूर्व, एप्रिल ते जूनच्या सुरुवातीपर्यंत. दुसरा मान्सूनोत्तर, ऑक्टोबर ते डिसेंबर. समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान साधारण २६ ते २७ अंश सेल्सियसच्या वर असणे ही वादळ तयार होण्याची एक अट आहे आणि ती जुलै-ऑगस्टमध्येही पूर्ण होते. मात्र त्या काळात खालच्या थरात नैऋत्येकडून आणि वरच्या थरात पूर्वेकडून जोरदार वारे वाहतात. वेगवेगळ्या उंचीवरच्या वाऱ्यांतील या तफावतीमुळे वादळाचा स्तंभ उभाच राहू शकत नाही. मान्सून येण्यापूर्वी आणि तो परतल्यानंतर ही तफावत कमी होते आणि तापलेल्या समुद्राला मोकळीक मिळते.

अम्फान : समुद्रात २४०, किनाऱ्यावर १६०

मे २०२० च्या मध्यात बंगालच्या उपसागराचे पाणी ३० ते ३१ अंशांपर्यंत तापलेले होते. १६ मे रोजी आग्नेय उपसागरात तयार झालेले डिप्रेशन त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत चक्रीवादळ झाले आणि १८ मे रोजी महाचक्रीवादळाच्या पायरीवर पोहोचले. वाऱ्याचा वेग ताशी २४० किलोमीटरपर्यंत गेला. ऑक्टोबर १९९९ मध्ये ओडिशावर आदळलेल्या महाचक्रीवादळानंतर बंगालच्या उपसागरात या श्रेणीचे वादळ प्रथमच निर्माण झाले होते. त्या वेळी सुमारे दहा हजार माणसे दगावली होती. ओडिशातील आजची निवारा केंद्रे, गावपातळीवरील स्वयंसेवक आणि स्थलांतराची शिस्त हे सारे त्या आपत्तीनंतर उभे राहिले.

किनाऱ्याकडे सरकताना अम्फानचा जोर ओसरला. २० मे रोजी दुपारी साडेतीन ते साडेपाचच्या दरम्यान त्याने पश्चिम बंगालमध्ये, सुंदरबनच्या क्षेत्रात, बक्खालीजवळ किनारा ओलांडला तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी १५५ ते १६५ किलोमीटर होता आणि झोत १८५ पर्यंत जात होते. श्रेणीच्या भाषेत ते आता अतितीव्र चक्रीवादळ उरले होते, म्हणजे महाचक्रीवादळाच्या दोन पायऱ्या खाली. तरीही त्याने जे नुकसान केले ते या समुद्रक्षेत्राच्या नोंदीत सर्वाधिक ठरले. जागतिक हवामान संघटनेने भारतातील आर्थिक हानी सुमारे १,४०० कोटी डॉलर असल्याचे नमूद केले आहे.

याचे कारण वादळाइतकेच त्याच्या वाटेतही शोधावे लागते. सुंदरबनची बेटे समुद्रसपाटीपासून जेमतेम उंचीवर आहेत आणि भरतीचे पाणी रोखून धरणारे मातीचे बांध हाच तेथील शेतीचा आधार आहे. दक्षिण आणि उत्तर चोवीस परगणा जिल्ह्यांत चार ते पाच मीटर उंचीच्या उधाणाचा इशारा देण्यात आला होता. बांध जागोजागी फुटले आणि खारे पाणी भातखाचरांत, गोड्या पाण्याच्या तळ्यांत आणि घरांत शिरले. वाऱ्याने उडालेले छप्पर महिनाभरात पुन्हा घालता येते. खारवलेली जमीन पुन्हा पिकती होण्यासाठी मात्र अनेक पावसाळे जावे लागतात. मे २००९ मधील आयला चक्रीवादळानंतर या भागाने तो अनुभव घेतलेला होता. तेव्हा जमीन नापीक झाल्याने गाव सोडून केरळ, तमिळनाडू, कर्नाटकात मजुरीला गेलेल्या अनेक कुटुंबांतील माणसे टाळेबंदीमुळे नेमकी २०२० च्या एप्रिल-मे महिन्यांत परतली होती.

कोलकात्यातही वाऱ्याचा वेग डमडम येथे ताशी १३० किलोमीटरच्या आसपास नोंदला गेला आणि अलीपूर येथे सुमारे २४ सेंटीमीटर पाऊस झाला. विमानतळाच्या धावपट्टीवर पाणी भरले. कॉलेज स्ट्रीटवरील पुस्तकांच्या दुकानांत पाणी शिरून पुस्तकांचा लगदा झाला. शहरात हजारो झाडे उन्मळली आणि वीजवाहिन्या घेऊन पडली. हावड्यातील शिबपूरच्या वनस्पती उद्यानातील अडीचशे वर्षांहून जुन्या वटवृक्षाच्या अनेक पारंब्या उखडल्या. वीज आणि पाणी दोन्ही बंद असल्याने पुढचे काही दिवस अनेक वस्त्यांत लोक रस्त्यावर उतरले. राज्य सरकारने २३ मे रोजी लष्कराची मदत मागितली आणि झाडे हटवण्यासाठी शेजारच्या ओडिशानेही आपली आपत्ती निवारण पथके कोलकात्याला पाठवली.

पश्चिम बंगालमध्ये ९८ जणांचा मृत्यू झाल्याचे राज्य सरकारने सांगितले. बांगलादेशात २६ जण दगावले. हानीच्या तुलनेत हा आकडा कमी राहिला याचे श्रेय स्थलांतराला जाते. बांगलादेशाने सुमारे २४ लाख लोकांना सुरक्षित ठिकाणी हलवले. शारीरिक अंतर राखता यावे म्हणून त्या देशाने शाळा आणि इतर इमारती ताब्यात घेऊन निवारा केंद्रांची संख्या १२ हजारांच्या वर नेली. पश्चिम बंगाल आणि ओडिशातही काही लाख लोक हलवले गेले. मात्र येथे एक पेच होता. ज्या इमारतीत एरवी हजार माणसे दाटीवाटीने रात्र काढतात, तेथे आता त्याच्या निम्मीही बसवता येत नव्हती. काही केंद्रांत तर परगावाहून आलेले मजूर आधीच विलगीकरणात होते. घर सोडले तर संसर्गाची भीती आणि न सोडले तर वादळाची, अशा कात्रीत सापडलेल्या कुटुंबांना समजावण्यात स्थानिक यंत्रणेचा बराच वेळ गेला.

पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी २२ मे रोजी हवाई पाहणी करून पश्चिम बंगालसाठी १,००० कोटी आणि ओडिशासाठी ५०० कोटी रुपयांची तातडीची मदत जाहीर केली.

नावांची जुनी यादी संपली, नवी सुरू झाली

अम्फान हे थायलंडने सुचवलेले नाव. त्याचा अर्थ आकाश. २००४ पासून वापरात असलेल्या ६४ नावांच्या यादीतील ते शेवटचे नाव होते. आठ देशांनी प्रत्येकी आठ नावे दिलेली ती यादी संपायला सोळा वर्षे लागली. ती संपत आल्याचे ध्यानात घेऊन हवामान विभागाने २८ एप्रिल २०२० रोजी नवी यादी प्रसिद्ध केली. त्यात १३ देशांची प्रत्येकी १३, म्हणजे एकूण १६९ नावे आहेत. इराण, कतार, सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती आणि येमेन हे देश त्यात नव्याने सहभागी झाले. देशांचा क्रम त्यांच्या इंग्रजी नावांच्या आद्याक्षरांनुसार असतो. त्यामुळे पहिले नाव बांगलादेशाचे, दुसरे भारताचे, तिसरे इराणचे आणि चौथे मालदीवचे. एकदा वापरलेले नाव या समुद्रात पुन्हा वापरले जात नाही.

बांगलादेशाने दिलेले पहिले नाव होते निसर्ग. बंगालीत आणि मराठीत या शब्दाचा अर्थ एकच असल्याने पुढच्या काही दिवसांत मराठी वृत्तपत्रांचे मथळे वाचताना वाचकाची थोडी गफलत होत असे, आणि मथळे देणाऱ्यांनीही त्या श्लेषाचा मोह फारसा टाळला नाही.

निसर्ग : मुंबई वाचली, कोकण उघडे पडले

केरळमध्ये १ जून रोजी मान्सून दाखल झाला, त्याच दिवशी अरबी समुद्रात डिप्रेशन तयार झाले. २ जूनच्या दुपारी ते चक्रीवादळ आणि ३ जूनच्या पहाटे तीव्र चक्रीवादळ झाले. मुंबईत त्या वेळी करोनाचा संसर्ग शिगेला पोहोचला होता. वांद्रे-कुर्ला संकुलात उभारलेल्या तात्पुरत्या उपचार केंद्रातून सुमारे १५० रुग्णांना वरळीला हलवण्यात आले. किनारपट्टीवर जमावबंदी लागू झाली आणि महाराष्ट्र व गुजरात मिळून सुमारे एक लाख लोकांचे स्थलांतर करण्यात आले.

मुंबईवर १८९१ नंतर प्रथमच चक्रीवादळ येत असल्याचे त्या दोन दिवसांत सर्वत्र सांगितले गेले. हा दावा जपूनच घ्यायला हवा. नोव्हेंबर १९४८ मध्ये मुंबई परिसराला तीव्र चक्रीवादळाचा तडाखा बसला होता आणि ११ नोव्हेंबर २००९ रोजी फयान चक्रीवादळाने अलिबाग आणि मुंबई यांच्या दरम्यान किनारा ओलांडला होता. याच सुमारास १८८२ मधील एका वादळाने मुंबईत एक लाख माणसे मारल्याची गोष्टही पुन्हा फिरू लागली. १८८१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या सुमारे पावणेआठ लाख होती. शहरातील दर आठ माणसांमागे एक मरण पावला असता तर त्या काळातील वृत्तपत्रांत आणि सरकारी कागदपत्रांत त्याची नोंद राहिलीच असती. ती कोठेही नाही; हवामान अभ्यासकांनीही ही आख्यायिका निराधार ठरवली आहे.

प्रत्यक्षात वादळाचा केंद्रबिंदू मुंबईच्या दक्षिणेकडे राहिला. ३ जून रोजी दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान अलिबागच्या दक्षिणेस त्याने किनारा ओलांडला. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. रत्नागिरीजवळ मिऱ्या किनाऱ्यावर ‘बसरा स्टार’ हे जहाज भरकटून येऊन आदळले. त्यावरील १३ कर्मचाऱ्यांना सुखरूप उतरवण्यात आले. मुंबई वाचली, हे त्या संध्याकाळी देशभर सांगितले गेले आणि राष्ट्रीय पातळीवर बातमी तेथेच संपली.

बातमी खरी सुरू होत होती ती श्रीवर्धन, मुरुड, म्हसळा, माणगाव आणि रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड, दापोली या तालुक्यांत. मोबाइलचे मनोरे कोसळल्याने पहिले दोन-तीन दिवस अनेक गावांतून काय घडले हे बाहेर कळलेच नाही. कौले आणि पत्रे उडाले, शाळांची छपरे गेली, हजारो वीजखांब आणि रोहित्रे कोसळली. महावितरणने इतर जिल्ह्यांतून माणसे बोलावली, तरी अनेक वाड्यांवर उजेड यायला कित्येक आठवडे लागले. आणि या काळात पावसाळा सुरू झालेला होता. छप्पर नसलेल्या घरात जूनचा पाऊस घेणे म्हणजे काय, हे कोकणातील माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. मुंबईत कामधंदा बंद पडल्याने गावी परतलेल्या चाकरमान्यांच्या कुटुंबांवर हा दुसरा घाव होता.

जीवितहानी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी राहिली. मोडले ते उत्पन्नाचे साधन. श्रीवर्धन आणि दिवेआगर परिसरातील नारळी-पोफळीच्या वाड्या पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेल्या आहेत. श्रीवर्धनी रोठा ही सुपारीची जात याच भागातली आणि सुपारी संशोधन केंद्रही श्रीवर्धनलाच आहे. पोफळीचे झाड उंच, सडपातळ आणि नाजूक कण्याचे असते. वाऱ्यात ते मधोमध मोडते किंवा शेजारच्या झाडांना घेऊन आडवे होते. नवे रोप लावल्यावर पहिली सुपारी हाती यायला सहा-सात वर्षे जातात आणि भरीचे उत्पन्न त्याहून पुढे. भाताचे पीक बुडाले तर शेतकऱ्याचे एक वर्ष जाते. वाडी गेली तर वयाची पन्नाशी उलटलेल्या बागायतदारापुढे प्रश्न उभा राहतो की लावणी करायची ती कोणासाठी.

राज्य सरकारने रायगड जिल्ह्यासाठी तातडीने १०० कोटी रुपयांची मदत जाहीर केली. फळबागांच्या भरपाईचा दर हेक्टरी १८ हजारांवरून ५० हजार रुपये आणि पूर्णतः पडलेल्या घरांसाठीची मदत ९५,१०० वरून दीड लाख रुपये करण्यात आली. वाढ लक्षणीय होती, पण ‘हेक्टरी’ या शब्दातच अडचण होती. कोकणातील वाडी गुंठ्यांत मोजली जाते. त्याच दहा-वीस गुंठ्यांत नारळ, पोफळ, मिरीचे वेल, जायफळ, केळी आणि फणस एकमेकांच्या सावलीत उभे असतात. सातबाऱ्यावर अनेक भावांची नावे असतात आणि त्यांतील निम्मे मुंबईत. हेक्टराचा दर लावून केलेल्या पंचनाम्यातून अनेकांच्या वाट्याला अत्यल्प रक्कम आली. नुकसान झाडांच्या संख्येवर मोजावे, ही बागायतदारांची मागणी पुढे सरकारला काही प्रमाणात मान्य करावी लागली.

कोकणच्या तयारीतील उणीवही यानिमित्ताने समोर आली. राष्ट्रीय चक्रीवादळ जोखीम निवारण प्रकल्पाचा पहिला टप्पा ओडिशा आणि आंध्र प्रदेशात राबवला गेला. महाराष्ट्र, गोवा, गुजरात, कर्नाटक, केरळ आणि पश्चिम बंगाल यांचा समावेश असलेल्या दुसऱ्या टप्प्याला केंद्राने २०१५ मध्येच मंजुरी दिली होती. निवारा केंद्रे आणि भूमिगत वीजवाहिन्या ही त्यातील प्रमुख कामे. २०२० च्या जूनमध्ये रायगडच्या किनाऱ्यावरील बहुतेक गावांना मात्र शाळा, समाजमंदिर आणि शेजारच्या पक्क्या घराचाच आधार होता. अरबी समुद्रातील वादळे ओमानकडे किंवा गुजरातकडे वळतात, हा अनुभव या किनाऱ्याला इतका सवयीचा झाला होता की इशाऱ्याकडे गांभीर्याने पाहण्याची सवयच लागलेली नव्हती. पूर्व किनाऱ्यावर ती १९९९ नंतर लागली.

ऑक्टोबर : नाव नसलेली आपत्ती

पावसाळा संपताना, ११ ऑक्टोबरच्या सुमारास, बंगालच्या उपसागरात एक डिप्रेशन तयार झाले आणि डीप डिप्रेशन म्हणून १३ ऑक्टोबरच्या सकाळी आंध्र प्रदेशातील काकीनाडाजवळ जमिनीवर आले. वाऱ्याचा वेग ताशी ५५ ते ६५ किलोमीटर होता. चक्रीवादळाची मर्यादा त्याने निःसंशय ओलांडली नसल्याने त्याला नाव मिळाले नाही; वृत्तवाहिन्यांच्या पडद्यावर त्याच्या वाटेचे नकाशेही फिरले नाहीत.

एरवी अशी प्रणाली जमिनीवर आल्यावर दिवसभरात विरून जाते. ही विरली नाही. चार महिन्यांच्या चांगल्या पावसाने जमीन ओलीचिंब होती, धरणे भरलेली होती आणि दोन्ही बाजूंच्या समुद्रांतून बाष्पाचा पुरवठा सुरू होता. तेलंगणा, उत्तर कर्नाटक आणि दक्षिण मध्य महाराष्ट्र असा द्वीपकल्प आडवा ओलांडत ती पश्चिमेकडे सरकली. १३ आणि १४ ऑक्टोबरच्या दरम्यान हैदराबाद शहरात चोवीस तासांत सुमारे १९ सेंटीमीटर, तर शहरालगतच्या घटकेसर भागात ३२ सेंटीमीटर पाऊस झाला. हिमायत सागरचे दरवाजे उघडावे लागले. १९०८ मधील मुसी नदीच्या महापुरानंतर शहराच्या संरक्षणासाठी जी दोन जलाशये बांधण्यात आली त्यांपैकी हे एक. मात्र या वेळी मुख्य संकट नदीचे नव्हते. शहर वाढत गेले तसतसे जुने तलाव आणि त्यांना जोडणारे नाले बुजत गेले होते. पाण्याने आपली जुनी वाट धरली आणि त्या वाटेवर आता घरे होती. १५ ऑक्टोबरपर्यंत राज्यात ५० जणांचा मृत्यू झाल्याचे तेलंगणा सरकारने सांगितले. निसर्ग या तीव्र चक्रीवादळाच्या बळींपेक्षा हा आकडा कितीतरी पट अधिक होता.

महाराष्ट्रात सोलापूर, सांगली, पुणे आणि मराठवाड्याचा काही भाग या पावसाखाली आला. पंढरपुरात १४ ऑक्टोबर रोजी चंद्रभागेच्या काठी कुंभार घाटावरील भिंत कोसळून सहा जण ठार झाले. उजनीतून सोडलेल्या पाण्याने भीमेला पूर आला आणि तो पुढे कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यापर्यंत गेला. काढणीला आलेले आणि काढून शेतात रचून ठेवलेले सोयाबीन भिजून त्याला कोंब फुटले. राज्य सरकारने २३ ऑक्टोबर रोजी अतिवृष्टिग्रस्तांसाठी १० हजार कोटी रुपयांची मदत जाहीर केली. त्याआधी या प्रणालीचे अवशेष अरबी समुद्रात उतरले आणि १७ ऑक्टोबरला तेथे पुन्हा डिप्रेशन तयार झाले. भूभागापासून दूर जात ते समुद्रातच संपले.

मे महिन्याच्या अखेरीस ओमानच्या दक्षिण किनाऱ्यावरील एक आणि २२ ते २४ ऑक्टोबरच्या दरम्यान पश्चिम बंगाल-बांगलादेश सीमेकडे गेलेले एक, ही वर्षातील उरलेली दोन डिप्रेशन.

नोव्हेंबर-डिसेंबर : दहा दिवसांत तीन वादळे

ऑक्टोबर महिना चक्रीवादळाविना गेला आणि नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात दोन्ही समुद्र एकाच वेळी जागे झाले.

भारताने सुचवलेले गती हे नाव ज्या वादळाला मिळाले त्याने ते सार्थ केले. २१ नोव्हेंबरच्या रात्री नैऋत्य अरबी समुद्रात डिप्रेशन असलेली ही लहानशी प्रणाली २२ च्या दुपारपर्यंत अतितीव्र चक्रीवादळ झाली आणि त्याच संध्याकाळी सोमालियाच्या ईशान्य टोकाशी, रास हाफूनजवळ, किनाऱ्यावर आली. उपग्रह निरीक्षणाच्या काळात सोमालियावर इतके जोरदार वादळ धडकल्याची नोंद नव्हती. पुंटलँडमधील बोसासो या बंदराच्या शहरात एका दिवसात १२८ मिलिमीटर पाऊस झाला. या कोरड्या प्रदेशात वर्षभराची सरासरीच १०० मिलिमीटरच्या आसपास असते. ज्या वादळाची तीव्रता एका दिवसाच्या आत चार पायऱ्या वाढते, त्याच्याबाबत लोकांना हलवायला वेळच उरत नाही. पूर्वसूचनेच्या शास्त्रापुढील हा आजचा सर्वांत कठीण प्रश्न आहे.

गती ओसरत असतानाच उपसागरात निवार आकाराला आले. इराणने दिलेल्या या नावाचे अतितीव्र चक्रीवादळ २५ नोव्हेंबरच्या रात्री साडेअकरा ते पहाटे अडीचच्या दरम्यान पुदुच्चेरीच्या उत्तरेस, मरक्काणमजवळ जमिनीवर आले. तमिळनाडूत दोन लाखांहून अधिक लोकांना हलवण्यात आले होते. चेन्नईची नजर मात्र वाऱ्यापेक्षा चेंबरंबक्कम जलाशयाच्या पातळीवर होती. डिसेंबर २०१५ मध्ये याच जलाशयातून रात्रीच्या वेळी मोठा विसर्ग झाला आणि अड्यार नदीकाठचे शहर पाण्याखाली गेले, ही आठवण ताजी होती. या वेळी २४ फुटांची पूर्ण पातळी गाठण्याची वाट न पाहता, पाणी २२ फुटांवर येताच २५ तारखेच्या दुपारी दरवाजे उघडण्यात आले. सुरुवात १,००० क्युसेकने झाली, काठावरच्या वस्त्यांना आधी कळवण्यात आले आणि मग विसर्ग टप्प्याटप्प्याने वाढवण्यात आला. शहर तरले. वादळ ओसरताना आंध्र प्रदेशातील चित्तूर आणि नेल्लोर जिल्ह्यांत जो पाऊस झाला त्याची चर्चा फारशी झाली नाही.

हंगामातील शेवटचे वादळ बुरेवी हे श्रेणीने सर्वांत कमकुवत. २ डिसेंबरच्या रात्री श्रीलंकेत त्रिंकोमालीच्या उत्तरेस किनारा ओलांडून ते मन्नारच्या आखातात उतरले आणि पांबनच्या जवळ येऊन थबकले. केरळच्या दक्षिणेकडील जिल्ह्यांनी सुट्टी जाहीर करून वाट पाहिली. वादळ तेथवर पोहोचलेच नाही. ते रामनाथपुरमच्या किनाऱ्यापाशी जवळजवळ एकाच जागी राहून क्षीण होत गेले आणि त्या मुक्कामात कावेरीच्या त्रिभुज प्रदेशावर संततधार कोसळली. ४ डिसेंबरच्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत कोळ्ळिडम आणि चिदंबरम येथे ३० सेंटीमीटरहून अधिक पाऊस झाला. चिदंबरमच्या नटराज मंदिराच्या आवारात गुडघाभर पाणी साचले आणि कडलूर जिल्ह्यातील सांबा हंगामाचे भात आडवे झाले.

बुरेवीचे अवशेष विरले आणि हंगाम संपला. त्या वर्षीच्या पावसाळ्यात श्रीवर्धनच्या बागायतदारांनी मोडलेली झाडे हटवून मोकळ्या झालेल्या जागेत पोफळीची आणि नारळाची नवी रोपे लावली, तर सुंदरबनमध्ये फुटलेल्या बांधांवर माती टाकण्याचे काम सुरू राहिले. नव्या यादीत पुढचे नाव म्यानमारचे होते, तौक्ते. त्यानंतरचे ओमानचे, यास. दोन्ही नावे मे २०२१ मध्येच वापरावी लागली. तौक्ते कोकण किनाऱ्याला घासून गुजरातकडे गेले, यास २६ मे रोजी ओडिशात बालासोरच्या दक्षिणेस धडकले आणि त्याच्या उधाणाचे पाणी पुन्हा सुंदरबनच्या बांधांवरून आत आले. श्रीवर्धनच्या रोपांना तेव्हा वर्षही पूर्ण झाले नव्हते.